बुधवारच्या बायका

लालबाग, मुंबई
८ नोव्हेंबर १९५६

ललिता,

माझं सगळं बदललं तो क्षण मला घड्याळासकट सांगता येईल. काल, बुधवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. जानेवारीपासून तोंडातून शब्द न काढलेली माझी वहिनी त्या क्षणी बोलली, आणि मी ते कागदावर उतरवून घेत होतो.

पत्र लिहू नकोस असं तू जाताना बजावलं होतंस. मी कुठे हो म्हटलं होतं? शिवाय मागच्या गुरुवारपासून नागपूर आणि लालबाग एकाच राज्यात आहेत. द्वैभाषिक आमच्या डोक्यावर मारताना दिल्लीने माझं एवढं एक भलं केलं. आता तू परराज्यात नाहीस, फक्त मामांकडे आहेस.

वहिनीला तू एकदा पाहिलं आहेस. आमच्या खाणावळीत बसून तिच्या हातचं बांगड्याचं तिखलं खाल्लंस, डोळ्यांतून पाणी गाळत ‘छान आहे’ म्हणालीस, आणि ती तोंडाला पदर लावून हसली. ती हसणारी शांतावहिनी. जानेवारीतल्या गोळीबारात दादा नाक्यावर पडला. त्याच्या बाराव्याला तिचा उजवा हात खांद्यापासून जो लुळा पडला तो पडलाच, आणि तोंडही मिटलं. बावीस गिरणीवाले जेवायचे आमच्याकडे. भाकरी थापायला हात नाही म्हटल्यावर एकेक करून दुसरीकडे गेले. आईने गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलं, वहिनीच्या दंडाला काळा दोरा बांधला, कोंबडा कबूल केला. मी तिला काळाचौकीच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरने हात दाबला, वाकवला, सुई टोचली आणि म्हणाला, हाताला काही झालेलं नाही. मी त्याच्या टेबलावर मूठ आपटली. त्याने दौत उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाला, “बुधवारी दोन वाजता मागच्या खोलीत आणा. मनाच्या डॉक्टरीणबाई येतात.”

या राजलक्ष्मीबाई मद्रासकडच्या. पहिल्याच दिवशी मी दारात वाद घातला की, मराठी बायकांची मनं बघायला मराठी येणारं माणूस मिळालं नाही का? बाई म्हणाल्या, “नाही मिळाले. तुला इंग्लिश येते? तू लिही. मी विचारते, त्या बोलते, तू लिहिते.” म्हणजे ज्युनियर बी.ए. अर्ध्यात सोडलेला हा रमाकांत आता दवाखान्यात लेखनिक आहे. तुझ्या अप्पांना सांगायला हरकत नाही.

तिथे औषध काही देत नाहीत. सात-आठ बायका जमिनीवर गोल करून बसतात आणि बोलतात, एवढंच. मी स्टुलावर, खिडकीकडे तोंड आणि त्यांच्याकडे पाठ. बाईंनी सगळ्यांकडून कबूल करून घेतलं आहे: इथलं बोलणं इथेच राहील, कुणी कुणाला शहाणपण शिकवायचं नाही, एखादी रडली तर रडू द्यायची. माझ्याकडूनही वदवून घेतलं.

सहा बुधवार वहिनी नुसती बसली आणि उठली. काल रखमाबाई बोलत होती. ती गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात आहे. घरी आल्यावरही मशीनचा आवाज तिच्या कानात चालू राहतो, झोपू देत नाही. “आणि नवरा बोलायला लागला की नेमका वाढतो बाय. त्यामुळे मी तशी फार तक्रार करत नाय.” सगळ्या हसल्या. आणि त्या हसण्यात वहिनी म्हणाली, “ते पण हसले होते.”

मी लिहायला लागलो. वहीत इंग्रजी उतरलं, पण तिचे शब्द मला पाठ आहेत, जसेच्या तसे देतो.

“चार दिवस गिरण्या बंद. हे रोज नाक्यावरून धा-धा पोरं जेवायला आणायचे. तांदळाचा डबा खरवडला मी त्या दिवशी. म्हटलं, चूल माझी आणि पुढारपण तुमचं. तर हसले. हसले म्हणून माझं डोकं फिरलं. खुंटीवरची त्यांची टोपी काढली आणि गॅलरीतून खाली टाकली. म्हटलं, जावा तिकडेच, परत येऊ नका. ते टोपी घ्यायला खाली उतरले. झटकली, डोक्यावर घातली, वर बघून हात केला, आणि तसेच नाक्याकडे गेले. ह्याच हातान टाकली मी.”

पाठीमागे सरकण्याचा आवाज आला. नियम मोडून मी वळून पाहिलं. रखमाबाई आपली जागा सोडून वहिनीच्या उजव्या अंगाला लागून बसली होती. बाईंनी विचारलं, “हात आत्ता कसे वाटते?” वहिनी म्हणाली, “मुंग्या येतत.”

ललिता, दहा महिन्यांनी मुंग्या.

हे बाहेर कुणाला सांगायचं नाही हे मला माहीत आहे. पण तू काय बाहेरची? तू म्हणजे मीच.

तुझाच,
रमाकांत


लालबाग
२ डिसेंबर १९५६

ललिता,

तुझं उत्तर नाही. नसू दे. नागपूरची टपाल-व्यवस्था आधीपासून वाईट आहे असं मी मनाशी ठरवून टाकलं आहे.

काल वहिनीने भाकरी थापली. गोल झाली नाही, एका बाजूने रत्नागिरीच्या किनाऱ्यासारखी वाकडीतिकडी गेली, आणि तव्यावर टाकताना निम्मी दुमडली. आई ती भाकरी देवापुढे ठेवायला निघाली. वहिनी म्हणाली, “देवाक कित्याक? जाड झाली हा. रमाकांताक वाढा.” मी खाल्ली. कच्ची होती. दुसरी मागितली.

खाणावळीत परत नऊ माणसं येतात. वहिनी अजून डाव्या हाताने वाढते, पण पीठ उजव्याने मळते. बुधवारी दीड वाजला की स्वतःच पदर खोचून निघते. मला म्हणते, “चल रे, उशीर होता.” पूर्वी मी ओढत न्यायचो.

या गोलात गिरगावच्या एक कमळाबाई आहेत, तुमच्याच बाजूच्या. घरचे वकील, नोकरचाकर, सगळं काही. सासू वारल्या त्या दिवसापासून या दिवसातून चाळीस वेळा हात धुतात. कातडी सोलली आहे. पहिल्यांदा आल्या तेव्हा स्वतःची चटई घेऊन आल्या. रखमाबाईने चटईकडे बघून विचारलं, “बाई, वर बसायला पाट पण आणता का पुढच्या खेपेला?” आता चटई येत नाही. मागच्या बुधवारी कमळाबाई सांगत होत्या की नवऱ्याने नळाला कुलूप घातलं. मला राहवलं नाही, मी स्टुलावरून वळून म्हणालो, “पत्ता द्या, मी बघतो त्याला.” बायका इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतून कंपाउंडर डोकावला. राजलक्ष्मीबाई म्हणाल्या, “लेखनिक वळणार नाही. लेखनिक भिंत आहे.”

पण एक सांगू? त्या बोलतात आणि मी भिंत होऊन ऐकतो, तेव्हा मला वाटतं की हे सगळ्या मुंबईने ऐकायला पाहिजे. सभेत पुढारी आकडे सांगतात, एवढे पडले, तेवढे जखमी झाले. वहिनीचा हात कोण सांगणार?

परवा ठाकुरद्वारच्या नाक्यावर तासभर उभा होतो. तुमच्या खिडकीकडे पाहत होतो. खिडकीत अप्पा दाढी करत होते. गालाला साबण, हातात वस्तरा, आणि मला पाहिल्यावर त्यांनी वस्तरा तसाच वर धरला. मी हललो नाही. त्यांनीच खिडकी लावली.

त्या दिवशी तुमच्या दिवाणखान्यात मी जे बोललो त्याबद्दल तू अजून रागावली आहेस, हे मला कळतं. पण ‘जमावाने दगड मारले नसते तर गोळी कशाला सुटली असती’ असं माझा भाऊ गेल्यावर दीड महिन्यात अप्पांनी मला ऐकवायचं, आणि मी चहा पीत बसायचं? मी म्हणालो की ललिता तुमच्या घरात राहणार नाही, रजिस्टर लग्न करून लालबागला येणार आहे, तिनेच मला तसं सांगितलं आहे. तू तसं सांगितलं नव्हतंस, खरं आहे. पण तुझ्या मनात होतं ना? मी फक्त तुझ्या आधी बोललो.

तुझाच,
रमाकांत


लालबाग
२२ जानेवारी १९५७

ललिता,

शनिवारी आमच्या मैदानावर हुतात्म्यांची सभा झाली. वर्ष झालं. आमच्या चाळीतले धोंडूमामा समितीच्या इथल्या शाखेचे चिटणीस आहेत. निवडणूक तोंडावर, त्यामुळे माणसं मावत नव्हती, समोरच्या गॅलऱ्यांतून बायका लोंबकळत होत्या. स्टेजवर सहा घरच्या बायकांना बोलावून साडी आणि नारळ दिला. वहिनी तिसरी बसली होती. तिला मीच तयार केलं, दोन दिवस मागे लागून. ती म्हणत होती, “माका लोकांत बसूक बरा वाटणा नाय.” मी म्हटलं, दादासाठी.

मीही थोडं बोललो. माझ्या आयुष्यातली पहिली सभा. टाळ्या बऱ्याच पडल्या. धोंडूमामा म्हणाले, “पोरा, कॉलेज सोडलंस ते बरं केलंस. गळा आहे तुझ्याकडे.” दुसऱ्या दिवशी काळाचौकीच्या भिंतीवर माझं एक वाक्य गेरूने रंगवलेलं होतं. अर्थात नाव नव्हतं.

वहिनीला जरा गरगरल्यासारखं झालं आणि ती कार्यक्रमातून मधेच उठली. गर्दी होती, ऊन होतं. दोन दिवसांत बरी होईल.

आणखी काही विशेष नाही. थंडी पडली आहे, म्हणजे मुंबईपुरती. तू शाल वापरत असशील.

रमाकांत


लालबाग
३१ जानेवारी १९५७

ललिता,

तुझं कार्ड सोमवारी मिळालं. किती वेळा वाचलं ते सांगत नाही, चारच तर ओळी आहेत. ‘वहिनी बोलल्या हे वाचून फार बरं वाटलं. पण त्या काय बोलल्या हे मला कळवायला त्यांनी तुला सांगितलं होतं का? अप्पांपुढे माझ्या नावाने बोललास तेव्हा तू मलाही विचारलं नव्हतंस. वहिनी कशा आहेत?’

वहिनींची अवस्था वाईट आहे. मागच्या पत्रात मी तुझ्याशी खोटं बोललो.

सभेत मी काय बोललो ते ऐक. मी माईकपुढे उभा राहिलो आणि समोर ते हजारो चेहरे पाहून माझ्या अंगात काहीतरी शिरलं. मी म्हणालो, “माझा भाऊ त्या दिवशी घरातून निघाला, तेव्हा या माउलीने खुंटीवरची टोपी काढून आपल्या हाताने त्याच्या डोक्यावर ठेवली. म्हणाली, जा, आणि महाराष्ट्र घेतल्याशिवाय परत येऊ नका.”

तिची टोपी, तिचा हात, तिचे शब्द. सगळं तिचंच, फक्त उलटं केलेलं. बोलताना मला ते खरंच वाटत होतं. टाळ्या थांबेनात. मी वळून तिच्याकडे पाहिलं, तर ती नारळ खुर्चीवर ठेवून जिना उतरत होती. लोकांनी वाट दिली, कुणी तिच्या पायाला हात लावला. ती गर्दीतून सरळ घरी गेली आणि चुलीसमोर बसली. हात पुन्हा लोंबायला लागला. भिंतीवर रंगवलेलं ते वाक्य हेच. नळावर बायका तिला वाट करून देतात, पहिला हंडा तुझा म्हणतात. ती हंडा न भरता परत येते.

गेल्या बुधवारी ती आली नाही. मी एकटाच गेलो. रखमाबाई सभेला होती. मी स्टुलावर बसायच्या आत ती म्हणाली, “वही इकडे दे.”

राजलक्ष्मीबाईंनी काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. तिथे आवाज चढवता येत नाही, ललिता. मी प्रयत्न करून पाहिला. बाई म्हणाल्या, “चूक माझे पण आहे. माझे मराठी वाईट, मला लाज वाटले. म्हणून बायकांच्या खोलीत पुरुष बसवले.” वही त्यांनी गोलाच्या मध्ये ठेवली. म्हणाल्या, ज्याचे त्याने घ्या. वही इंग्रजीत; वाचता येणाऱ्या एकट्या कमळाबाई. त्यांनी एकेकीला तिचं पान शोधून दिलं. आपलं पान वाचताना भुवया चढवल्या. “चाळीस? मी तीस म्हटलं होतं.” मग मला विचारलं, “माझंही काही सांगितलंस का रे सभेत?” मी म्हटलं, नाही. “का? आम्ही काय कमी?” बायका हसल्या, पण थोड्याच. वहिनीची पानं रखमाबाईने चोळीत घातली. त्या दिवशी पुढे कुणी बोललंच नाही. काल तर फक्त दोघी आल्या. रखमाबाई दारातूनच म्हणाली, “जिचं बोलणं बाहेर गेलं ती नसताना कसला गोल?”

मी ठरवलं होतं की रविवारच्या सभेत उभं राहायचं आणि सगळं खरं सांगून टाकायचं. मी खोटं बोललो, टोपी फेकली होती, भांडण झालं होतं, सगळं. रखमाबाईला गिरणीच्या फाटकावर गाठून मी हे ऐकवलं. मला वाटलं ती पाठ थोपटेल. ती पान थुंकली.

“आधी खोटं नेलंस बाजारात. आता खरं नेणार?”

“मग मी करू काय?”

“गप बस. जमेल?”

मंगळवारी वहिनी माझ्याशी बोलली. ताट वाढलं, डाव्या हाताने, आणि समोर बसली. तू काय विचारलंस ते सांगून, तिचं हे बोलणं तुला कळवू का, असं मी शेवटी तिलाच विचारलं. ती म्हणाली, त्या पोरीक सांग, तिने बरा इचारल्यान. म्हणून लिहितो.

“तू सांगितलंस ती बाई खूप चांगली हा रे. नवऱ्याक टोपी घालून पाठवता. ती रडूची नाय, रागावूची नाय, तिचो नवरो तिच्यावर हसूचो नाय. आता लोक माझ्याकडे बघतत आणि तिकाच बघतत. मी रडलंय तर म्हणतत, वीराच्या बायकोन रडूचा नाय. थंय बुधवारी एक जागा होती माका. आता मी जाव खंय?”

हे लिहिताना तुझं कार्ड समोर आहे. अप्पांपुढे मी जी ललिता उभी केली, ती माझ्या सोयीची होती. तू नागपूरला गेलीस, आणि मी अकरा महिने अप्पांवर रागावलो.

रमाकांत


लालबाग
१४ फेब्रुवारी १९५७

ललिता,

तू वहिनी कशा आहेत विचारलं होतंस, त्याचं उत्तर द्यायला आज पत्र. आत काय बोलणं झालं ते यात नाही. मला माहीतच नाही.

दोन आठवडे मी त्या बायकांपैकी कुणाकडे गेलो नाही. गप्प बसणं हे काम किती जड आहे याची तुला कल्पना नाही. तू जन्मतः शहाणी. धोंडूमामांनी प्रचाराच्या सभांना बोलावलं, मी पत्रकं वाटतो म्हणालो, बोलणार नाही. “गळा बसला काय रे?” मी म्हटलं, हो. कॉलेजात जाऊन प्रिन्सिपॉलांची माफी मागून आलो. निम्मी मागितली, निम्मी जूनमध्ये नाव घालताना मागेन.

काल दुपारी दोन वाजता गॅलरीत गलका झाला. बाहेर पाहतो तर जिन्यावरून कमळाबाई. गिरगावची ती बाई ट्रामने लालबागला आली, आमचा तीन मजल्यांचा जिना चढली, कठड्याला हात लावून. पाठीमागे रखमाबाई, गिरणीतून अर्धी पाळी टाकून आलेली, मग आणखी तिघी, आणि सगळ्यांत शेवटी धापा टाकत राजलक्ष्मीबाई. चाळीतली निम्मी माणसं पाहायला उभी राहिली.

रखमाबाई उंबऱ्यातूनच म्हणाली, “शांते, तू येत नाय तर आम्ही येतो. जेवायला घाल.”

आमच्या खाणावळीला दुपारी दोन ते चार असतो रिकामा वेळ. पहिली पंगत उठून गेलेली असते, दुसरी पाळी सुटायची असते. वहिनी चुलीपाशी होती. एवढ्या बायकांना पाहून उठली, बसली, परत उठली. म्हणाली, “भाकऱ्या नायत. हात चालत नाय माझो.”

“माझे दोन्ही चालतात,” कमळाबाई म्हणाल्या, आणि परातीपाशी बसल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, नळ शोधत असाव्यात. मग तशाच, न धुता, त्यांनी पिठात हात घातले. मला हे आयुष्यभर आठवेल. त्यांना भाकरी येत नव्हती. पाणी इतकं घातलं की पिठाची लापशी झाली. रखमाबाई म्हणाली, “वकिलाकडे असंच जेवतात का?” वहिनी पाहत होती. ती असा अन्नाचा नास फार वेळ पाहू शकत नाही. शेवटी पुढे सरकली, पीठ घातलं, आणि “असा नाय ओ, असा,” करत दोन्ही हात परातीत घातले. उजव्यात पुरता जोर नव्हता, पण थोडा होता. कुणी काही म्हटलं नाही. मीही नाही.

रखमाबाईने चोळीतून घडी केलेली पानं काढून वहिनीला दिली. वहिनीला इंग्रजी काय, मराठीही जेमतेम. तिने ती उलटसुलट पाहिली आणि मिठाच्या बरणीखाली सरकवली. “आसू देत. माझी हत ती.”

तेवढ्यात धोंडूमामा आले, दोन कार्यकर्ते घेऊन, गळ्यात उपरणी. खाली प्रचाराचा ट्रक उभा. “वहिनी, फक्त उभं राहायचं ट्रकवर. बोलायचं नाही काही. लालबाग ते परळ. लोक तुम्हालाच बघायला येतात.” माझ्या मुठी वळल्या. मी तोंड उघडलं, आणि रखमाबाईने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी तोंड मिटलं.

वहिनी उठली, पिठाचे हात तसेच. मी तिला कधी धोंडूमामांसमोर मान वर करून उभी राहिलेली पाहिली नव्हती.

“भावजी, टोपी मी घातली नव्हती त्यांच्या डोक्यावर. काय झालं ते माझ्यापाशी. तुमी भले लोक, मी मत तुमकाच देईन. चाळीतल्या सगळ्या बायकांक घेऊन येईन मताक. पण माका ट्रकावर उभी करू नका. माका काम हा.”

“अहो, पण लोकांना काय सांगू?”

“सांगा, ती जेवण करता.”

धोंडूमामा माझ्याकडे वळले. “रम्या, तू तरी समजव.”

मी म्हटलं, “मामा, त्यांनी सांगितलं ना.”

ते गेले. जिन्यात त्यांचा पुटपुटण्याचा आवाज बराच वेळ येत होता. बायका गोल करून बसल्या. आमची खोली लहान, गोल पुरता झाला नाही, एका बाजूने चुलीला टेकला. राजलक्ष्मीबाई पोत्यावर बसल्या, आणि मी सवयीने खिडकीकडे गेलो. रखमाबाई म्हणाली, “लेखनिक कुठे निघाले?” बाई म्हणाल्या, “लेखनिक नको. मला नाही समजले तर मी विचारते. तुम्ही शिकवते.” कमळाबाई म्हणाल्या, “शिकवू. आधी ‘शिकवते’पासून सुरुवात करू.”

मी आईला हात धरून शेजारी नेऊन बसवलं. परत आलो तेव्हा वहिनी माझ्याकडे पाहत होती. रागाने नाही. “तू हंय काय करतंस?” एवढंच म्हणाली.

ललिता, तुझ्याकडून मला काय ऐकायचं आहे ते मला माहीत आहे. तू काय म्हणशील ते मात्र माहीत नाही, आणि या वेळी मी ते तुझ्या वतीने लिहीत नाही. लिहावंसं वाटलं तर लिही. नाही लिहिलंस तर तेही तुझंच.

आमच्या चाळीत दिवसा कुणी दार लावत नाही. दिवसा दार लागलं की माणसं समजतात, आत मयत झालं किंवा मारामारी चालली आहे. गॅलरीत सगळे उभे होतेच, माना लांब करून. समोरच्या काकू तर मोरी धुवायचं सोडून आल्या होत्या. “काय रे रमाकांत, काय चाललंय आत?” मी म्हटलं, “बायका बसल्यात.” आतून रखमाबाईचा आवाज आला, मग कुणाचा तरी हुंदका, वहिनीचा की दुसऱ्या कुणाचा ते मला ओळखू आलं नाही, आणि मी ओळखायचा प्रयत्नही केला नाही. चपला पायात सरकवून मी उंबऱ्याबाहेर पाय ठेवला. दोन्ही फळ्या वर्षानुवर्षं भिंतीला टेकून बसलेल्या, जागच्या हलेनात. मी खांदा लावला, आणि सगळ्या चाळीदेखत, भर दुपारी, दार ओढून घेतलं.

रमाकांत